सात नंबरची काठी

पॉन्टिप्रिडला, गालिच्यांच्या दुकानामागे,
ओल्वेन प्रॉसरची एका खोलीची कार्यशाळा.
दारातच जवसाच्या तेलाचा वास.
स्नूकरच्या काठ्या छतापासून लोंबत होत्या,
भिंतीला टेकलेली एकही नाही.
"टेकून उभी राहिली की वाकते," ती म्हणाली,
"आणि मग लाख समजावा."

मी बस चालवतो, ट्रेहर्बर्ट ते कार्डिफ.
लाकडाबद्दल एवढंच ठाऊक, की ते जळतं.
खिशात एकशे ऐंशी पाउंड,
तीन रविवारच्या जादा फेऱ्यांचे,
आणि शेजारी मेरेरिड, वय तेरा,
चॅपलमध्येसुद्धा इतकी गप्प नसते कधी.
आज तिचा पहिला क्यू. स्वतःचा.

ओल्वेनने किंमत काढली नाही, उंचीही मोजली नाही.
"हात दाखव," म्हणाली,
आणि तळव्यावरचा घट्टा अंगठ्याने दाबून पाहिला.

"हा ॲश. बघ, टोकाकडून मागे बाण,
एकामागे एक, चिमणी चालून गेल्यासारखे.
बोटाला लागतात. काहींना तेच आवडतं.
हा मेपल. गुळगुळीत, जरा ताठ,
रेषा शोधायच्या तर भिंग लागेल.
आणि ही काळी, कार्बनची.
ओल बाधत नाही, वाकत नाही, फुगत नाही.
हिच्याशी काय बोलावं, मला अजून कळलेलं नाही."

मुठीकडे आबनुसाची चार काळी टोकं
फिक्या लाकडात घुसलेली. चारही कमीजास्त उंचीची.
"हाताने बसवली की असंच होतं," ती म्हणाली.
एका काठीच्या मुठीवर शिंपल्याची नक्षी झळाळत होती.
मी नेमकी तीच उचलली.
नाकापेक्षा मोती जड.
ओल्वेनने ती माझ्या हातून अलगद काढून घेतली,
रांगत्या पोराच्या हातून सुरी काढावी तशी.

मेरेरिडने ॲशची घेतली. सतरा औंसांच्या जरा वर.
एक डोळा मिटून लांबीवरून पाहिलं,
पितळेच्या टोपीवरची चामड्याची टिकली खडूने घासली.
कोपऱ्यात अर्धं टेबल होतं.
पांढरा, निळा, पुढ्यातली जाळी. सोपा मार.
चुकला.
पुन्हा लावला. चुकला.
सहा वेळा, आणि सहाही वेळा डावीकडे.
कानांच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या.

मी म्हणालो, "काठीच वाकडी असेल."
दोघींनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे.

"रोज कशाने खेळतेस?"
"क्लबातल्या. सात नंबरच्या."
"हां." ओल्वेन स्टुलावर बसली.
"खाणी चालू होत्या तेव्हापासून ती उजवीकडे झुकलेली.
तू तिला सांभाळून घेत घेत
नेमच डावीकडे धरायला शिकलीस, पोरी.
ही सरळ आहे. आणि तुझा हात
अजून तिचीच समजूत काढतोय."
"किती दिवस लागतील?"
"हिवाळा जाईल. चिडशील. मला शिव्या देशील.
तेलाचा हात महिन्यातून एकदा, फार नको.
आणि रेडिएटरपासून लांब ठेव."

दहा पाउंड कमी पडले.
ओल्वेनने नोटा न मोजता डब्यात टाकल्या
आणि वर निळ्या खडूचा ठोकळा दिला.

परतताना बस दुसरा कुणीतरी चालवत होता.
मेरेरिडने काठी गुडघ्यांवर आडवी धरलेली,
पोर्थ येईपर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाली,
"सात नंबरने आता कोण खेळणार?"
मला काही सुचेना.
पुढे चर्चपाशी रस्ता वळला,
तिथे डांबर खचलंय, चाक ओढतं,
आणि मांडीवरचे माझे रिकामे हात
आपोआप जरासे उजवीकडे फिरले.
तिने पाहिलं.
एवढी हसली, की समोरच्या आजीबाई
चष्मा सावरून मागे वळल्या.