एका अंगावर

मिनासच्या डोंगरातही नागिणीला सापच म्हणतात.
जुरांदीरच्या बरगडीवर ती चढली
ऐन कॉफीच्या तोडणीत.
सदऱ्याचा स्पर्श सोसेना,
पोती कुठली उचलतो!

सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या, दिवसाला पाच.
आईने ओढत नेलं दोना एउफ्राझियाकडे.
सतापाची डहाळी पाण्यात बुडवून
म्हातारीने हवेत सुरी धरली.
"काय कापू?"
"साप."
"डोकं की शेपूट?"
"दोन्ही. त्यांची गाठ पडू देऊ नका."

तिसऱ्यांदा कापून झालं
तशी तिने घड्याळाकडे पाहिलं.
"चौथी गोळी घेतलीस?"
तो गप्प.
"घे. इथेच घे, माझ्यासमोर.
मी नव्हत्या घेतल्या."

अकरा वर्षं झाली.
ती अजून
एकाच अंगावर निजते.