अठ्ठावीस

गुडघा बदलून व्हर्लिन टॅकेट घरी आला
तेव्हा कागदी पिशवीत अठ्ठावीस गोळ्या होत्या.
शून्य ते दहा, किती दुखतंय? नर्सनं विचारलं होतं.
तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. म्हणाला, चार.
होतं नऊ.

केंटकीच्या त्या दरीत कुणाला काही सांगावं लागत नाही.
दुसऱ्याच दिवशी माणसं आली,
मक्याचा पाव, शेंगांचं सूप घेऊन,
आणि प्रत्येकाला बाथरूमला जायचं होतं.

गोळ्या त्यानं खिळ्यांच्या डब्यात लपवल्या,
वर दोन इंची खिळे.
रात्री दोनला पहिली घेतली.
दुखणं गेलं नाही,
शेजारच्या खोलीत जाऊन बसलं, दार उघडं ठेवून.
आणि एकदम बरं वाटलं. गुडघ्याला नव्हे,
त्याला.
तेच त्याला आवडलं नाही.

सकाळी मोजल्या. बावीस.
खिळे बाजूला सारून पुन्हा मोजल्या.

बाहेर नातू, कोल्टन, गवत कापत होता,
न सांगता, जन्मात पहिल्यांदा.

वॉकर धरत तो खिडकीशी पोचला,
हाक मारायला तोंड उघडलं,
तेवढ्यात कळ आली.
पोरानं मशीन बंद केलं.
"काय आजोबा, दुखतंय?"

"चार," तो म्हणाला.