सतरा एक्स-रे

लोतामधली खाण बंद झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
आता किनाऱ्यावर जे वाहून येतं ते माझं सामान:
जाळ्यांच्या गुंतवळी, बाटल्यांची झाकणं,
कुणाच्या तरी बुटाची जीभ.
शिवाय शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुधाची खोकी.
ती उलगडायची, चंदेरी बाजू वर करायची,
आणि खळीनं एकमेकांना डकवून
भिंतीएवढी करायची.

स्टेन्सिलला मात्र पुठ्ठा चालत नाही.
चार फवाऱ्यांत मऊ पडतो, कडांना मिशा फुटतात.
एक्स-रेची फिल्म पाणी पीत नाही
आणि ब्लेडशी भांडत नाही.
दवाखान्यातल्या मार्सियालनं गठ्ठाच दिला:
एक मोडलेलं मनगट, अक्कलदाढा,
एका पोराच्या पोटातलं नाणं.
रात्रभर ब्लीचमध्ये ठेवले
की सगळ्यांची दुखणी बादलीत,
आणि दोरीवर सकाळी कोऱ्या निळसर फिल्म.

बाबांचे पलंगाखाली होते.
सतरा. कंपनी दरवर्षी काढायची.
भरपाईच्या दाव्यासाठी आईनं जपले.
दावा निकालात निघाला,
पैशांत छपराचे पत्रे आले, तेही निम्म्याच छपराचे.

आई एकेक खिडकीला लावते.
तारीख वाचत नाही.
"हा लग्नाआधीचा. बघ, किती काळं!
काळं म्हणजे हवा. काळं चांगलं."
"हा तुझ्या वेळचा." दोन-तीन ठिपके,
पीठ सांडल्यासारखे.
मग सांडतच जातं.
माणूस समुद्राच्या तळाखाली
काळा कोळसा खणत राहिला,
आणि फोटोत तो पांढरा उमटला.

सतरावा तिनं बराच वेळ धरला.
त्यातून बंदरातली बोट दिसेना.
"हा धुवू नकोस."
"बरं."
"काप. पण धुवू नकोस."

मी शीळ घालणारे बाबा कापायला घेतले.
टेकडी चढताना ते घालायचे,
आम्ही ताटं मांडायला लागायचो.
शेवटी शेवटी नुसते ओठ व्हायचे,
आवाज नाही,
तरी आम्ही ताटं मांडायचो.

ओठ कापणं अवघड.
ओठांमधलं भोक अधांतरी असतं,
त्याला दोन्हीकडून पूल ठेवावा लागतो, काडीएवढा.
मी घाई केली. पूल तुटला.
बाबांची शीळ टेबलाखाली कुठेतरी पडली,
मसुरीएवढी.

आईनं बोट जिभेला लावलं,
फरशी चाचपली,
आणि बोटाला चिकटवून ती वर आणली.
चिकटपट्टी मागितली, माझ्याहून नीट बसवली.
मग स्टेन्सिल उचलून म्हणाली,
"रंग उद्या. आज शनिवार आहे."

शनिवारी गल्लीतली भट्टी आमची असते.
तिनं एकेका पावावर बाबांना आडवं केलं
आणि चहाच्या गाळणीतून वरून पीठ झटकलं.
मी म्हटलं, "आई, त्यांच्या अंगात आधीच..."
ती म्हणाली, "हे गव्हाचं आहे."

चौदा पाव. चौदा नोल्बेर्तो,
एकाचं हेल्मेट करपलेलं.
ओर्तेन्सियानं पदरचे पैसे देऊन दोन नेले,
तिच्या नातवानं वाटेतच
कानापासून सुरुवात केली.
भट्टीपाशी बायका थोडा वेळ गप्प होत्या,
मग कुणीतरी म्हणालं, मीठ कमी पडलंय.

माझी भिंत अजून अर्धीच आहे.
खोक्यांवरचा कोळशाचा थर वाळतोय,
जाळी कुठे लावायची ते ठरत नाही.
शेवटचा पाव आईनं माझ्यासमोर ठेवला,
"ओठ तेवढे राहू दे."

मी हनुवटी खाल्ली, भुवया खाल्ल्या.
ओठ ताटात ठेवून उठले.
हात धुऊन परत आले तर
ती लोणी लावत होती.