खिडकी बंद

सहाला शिरोलीहून फोन आला.
पुण्याच्या गाडीवाल्यांनी ऑर्डर थांबवलीय,
एकूण धंद्याच्या एकतीस टक्के.
अभिनंदन मगदूम एवढंच म्हणाला, "मॅडम, आता?"
मी म्हणालो
(होय, म्हणालो. आमच्या कोल्हापुरात बायकाही
येतो, जातो, म्हणालोच म्हणतात;
मसुद्यात मात्र तीस वर्षं मी कुठेच नाही,
तिथं फक्त 'सदर कंपनी')
म्हणालो, "आधी खिडकी बंद कर.
ज्याला ज्याला माहीत आहे त्याचं नाव वहीत लिही,
पहिलं माझं.
मग बोर्ड बोलाव. मग जेव."

खिडकी म्हणजे काय
हे त्याच्या वडिलांना पटायला दोन वर्षं गेली होती.
बाळगोंडाअण्णा, उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केलेले.
प्रॉस्पेक्टसचं पहिलं कच्चं पान वाचून चष्मा काढला:
"एवढं वाईट आपलं आपणच छापायचं?
पोरीची सोयरीक जमवताना कोण सांगतं,
ही रात्री घोरते म्हणून?"
"लिस्टिंगला सांगतात, अण्णा."
वाळूचा भाव, विजेचा भाव, भट्टीचं वय,
कोर्टात पडलेली जमिनीची केस,
असे एकोणचाळीस धोके आम्ही लिहिले.
चाळिसावा ते जिन्यात थांबून स्वतःच बोलले,
"थोरल्याचं आणि धाकट्याचं पटत नाही माझ्या."
तोही घातला. 'व्यवस्थापनातील संभाव्य मतभेद.'
एवढ्याशा ओळीत एक बाप बसवला मी,
आणि मर्चंट बँकरनं तिथं स्वल्पविराम सुचवला.

शाहूपुरीत बेअरिंगच्या दुकानावर माझं ऑफिस.
सूतगिरणी, रसायनं, बियाणं, दोन फाउंड्र्या,
सगळ्यांची गुपितं याच जिन्यानं वर आली
आणि वेळ झाल्यावर याच जिन्यानं
सगळ्या जगासाठी एकदम खाली गेली.
एकदम. हाच काय तो माझा धंदा.
कुणालाही एक मिनिट आधी नाही.

आठला अक्काकडे जेवण, मंगळवार पेठेत.
आधीच ठरलेलं, टाळलं असतं तर तेही बोललं असतं.
दाजींनी भाकरी मोडता मोडता विचारलं,
"मगदूमचे चारशे शेअर आहेत आपल्याकडं.
नेहाची फी भरायचीय पुढच्या महिन्यात.
काढावेत का थांबावं?"
दाजी तालमीतले. म्हणायचे,
डाव डोळ्यांत दिसत नाही, खांद्यात दिसतो.
आणि बघत होते खांद्याकडेच.
मी खांदा सोडून दिला, ओल्या टॉवेलसारखा.
चेहरा तोच ठेवला
जो गेल्या तिमाहीच्या नफ्यालाही होता.
गप्प बसणं पुरत नाही या कामात,
गप्प बसण्याचाही अर्थ निघू द्यायचा नसतो.
"अक्का," म्हणालो, "ठेचा दे जरा."

निघताना मी नेलेला खरवसाचा डबा तिथंच राहिला.

अकरा चाळीसला कळवलं एक्स्चेंजला.
चार ओळी. 'प्रतिकूल' हा शब्द अभिनंदनला नको होता,
त्याला 'तात्पुरता' हवा होता.
मी विचारलं, "तात्पुरता आहे असा कागद आहे?"
नव्हता.
मग बटण दाबलं, आणि कळलं
सिंगापूरच्या फंडाला, दलालांच्या पोरांना,
आणि मंगळवार पेठेत झोपलेल्या दाजींना
एकाच क्षणी, सारख्याच शब्दांत.
फक्त सिंगापूरवाले जागे होते.

सकाळी सव्वानऊला जे व्हायचं ते झालं.
मी स्क्रीन बघितली नाही. बियाणंवाल्यांची मीटिंग होती.

तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन.
"खांदा हलला नाही गं तुझा," म्हणाले.
मी वाट बघितली. पुढं काही बोलले नाहीत.
संध्याकाळी नेहाच्या हातून डबा आला,
घासून पुसून लख्ख.

झाकण उघडलं. रिकामा.
आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत,
निदान चार दाणे साखर तरी टाकतात.