तिसरी रेघ

उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या शाळेला मैदान म्हणजे
दोन वर्गांमधला बोळ, एक लिंब,
लिंबाला टांगलेला स्कूटरचा टायर.
कुरणे बाई चुन्यानं तीन रेघा मारतात.
जवळनं एक गुण, मधनं दोन, लांबनं तीन.
"आपापली रेघ आपणच निवडायची."

चेंडू म्हणजे जुना मोजा, आत चिंध्या,
भिजला की दगडागत.

शहनाज मुजावर कायम तिसऱ्या रेघेवर.
महिनाभर शून्य.
वहीत तिच्या नावापुढं टायरच टायर.
"पुढं ये की गं," पोरी म्हणतात.
ती नाक पुसते, डावा हात मागं नेते
आणि एक डोळा मिटते. चुकीचा.

आज मोजा टायर सोडून, लिंब सोडून
भिंतीपलीकडं, तालमीच्या हौद्यात.
सगळे गप्प.
मग तांबड्या मातीनं माखून तो
भिंतीवरनं उलटा आला,
थेट टायरमधनं, आरपार.
पलीकडं कुणीतरी खाकरलं.

"बाई, धरायचा का?"
बाईंनी कानामागची पेन्सिल काढली,
परत ठेवली.
शहनाज मोजा हुंगत उभी,
ताक, तेल, हळद.
पुढच्या फेकीला तिनं
दुसरा डोळा मिटला.