चौथा रकाना

पुन्ता अरेनासच्या बंदर कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही चौघं बसलो ठरवायला
की कुणाकुणाच्या ईमेलला आधार द्यायचा.
बाहेर नोव्हेंबरचा वारा. चौकात दोर बांधलेले,
माणसं दोर धरून बँकेत चाललेली.

नोल्फा म्हणाली, एकच ठेवू. ब्राउझरमधलं. बाकी बंद.
आपण चार, ते तीनशे बारा.
खरं होतं. गेल्या महिन्यात माझे सहा दिवस
एका कॅलेंडरने खाल्ले:
त्याच बैठकीला अर्धे दोनला हजर, अर्धे तीनला.

फळ्यावर तीन रकाने.
आधार आहे.
चालवून घेऊ.
तुमचं तुम्ही बघा.

पहिला पटकन भरला. फोन सगळे दुसऱ्यात,
संचालकांचा तेवढा
कुणी काही न बोलता पहिल्यात.

मग उरला एलिएसेर बार्रीया, भरती-ओहोटीची नोंद ठेवणारा.
काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊसला हात नाही.
एकोणतीस वर्षं तेच.
आमच्या सहीखालचं बोधचिन्ह त्याच्याकडे
रिकामा कंस होऊन पोचतं.
त्याने मदत मागितल्याच्या नोंदी काढल्या. एक.
"प्रिंटरमध्ये मांजर आहे."
होतं.

येर्को म्हणाला, मग त्याला आधार द्यायला आपलं जातंय काय?
नोल्फा म्हणाली, पासवर्ड उघडा जातो त्याचा,
पोस्टकार्डाला किल्ली चिकटवून टाकावी तसा.
तेही खरं होतं.
त्या दिवशी सगळ्यांचंच खरं होतं,
म्हणून सहा वाजले.

सांगायला मी खाली गेले.
तो भांडला नाही. चष्मा पुसला, विचारलं,
नव्या ठिकाणी ओळ कुठे मोडायची ते मी ठरवणार
की ते?
मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

माझ्या टेबलाखाली एक जुनं मशीन आहे,
पाय ठेवायला वापरते मी.
रविवारी त्यावर एक आडवाट काढली, कुलपाची,
त्याचा काळा पडदा तिच्यातून जाईल एवढीच रुंद.
यादीत लिहिलं नाही.
मी रजेवर गेले, किंवा हे मशीन गेलं, तर काय,
हा प्रश्न नोल्फा विचारेल, आणि बरोबर विचारेल.

सोमवारी त्याचं पत्र:
भरती पहाटे चार दहा. एक मीटर तीस.
वारा वायव्येचा.
तुमच्या खोलीची खिडकी उघडी राहिली होती, लावली.
खाली माझी सही गेली असेल तिथे
रिकामा कंस.