शिडी धरायला

आमच्या गावाचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे.
कॉलेजच्या मनोऱ्यावरचं. दुरुस्तीसाठी दोनदा मतदान झालं,
दोन्ही वेळा मागे राहणारे जिंकले.
म्हणून इथे कुणालाच उशीर होत नाही,
फक्त क्लीव्हलंडच्या बसवाल्याला वाटतं, आपण लवकर आलो.

मी कॉलेजात काच फुंकते.
म्हणजे रसायनशास्त्रवाल्यांचे फुटके चंबू, नळ्या, तोट्या
ज्योतीवर धरते आणि सांधते.
एकवीस वर्षं झाली.
आले तेव्हा पोरं जवळजवळ माझ्याच वयाची होती.
दर ऑगस्टला ती पुन्हा एकोणीसची होऊन येतात,
मीच आपली एकटी पुढे सरकते.

मे महिन्यात सगळी जातात, आणि फुटपाथवर
सोफे, दिवे, गाद्या, एकदा तर अख्खा पियानो.
माझं घर त्यावरच उभं आहे.
जेवायच्या टेबलाखाली कुणीतरी खिळ्याने कोरलंय :
'ओडेसा भूमितीत नापास, सुखी.'
मी रोज तिच्या डोक्यावर सूप पिते.

डायनरमधली मार्लिस पूर्वी विचारायची, किती जण?
आता नुसतं एक मेनूकार्ड उचलते.
परवा चुकून दोन उचलली.
दुसरं परत ठेवताना तिचाच चेहरा उतरला,
म्हटलं, राहू दे गं, तेही वाचेन.

तसा एक होता. लेम्युएल, गणिताचा.
इथे माणसंही कंत्राटावर येतात, दोन-दोन वर्षांच्या.
त्याचं ओरेगनला कायमचं झालं.
बर्फ उपसायचं फावडं ठेवून गेला. चांगलं आहे फावडं.

टोलेडोची आत्या रविवारी फोन करते.
दोनाचे चार हात कधी, हा तिचा प्रश्न
आता म्हातारा झालाय, जिना चढताना थांबत थांबत येतो.
मी म्हणते, आत्या, हवामान छान आहे.

पण ऑक्टोबरात पन्हाळ तुंबली, मेपलच्या पानांनी.
शिडीवर पिवळा कागद : दोन माणसांनी वापरावी.
चित्रात एक वर, एक खाली धरून उभा,
दोघांनाही तोंड नाही.
मी शिडी कपड्याच्या दोरीने कठड्याला बांधली,
तीन गाठी मारल्या, आणि चढले.

वरून सगळं गाव दिसतं. मनोरा, पाण्याची टाकी,
बायका-मुलांनी भरलेली एक गाडी वळताना.
हात कोपरापर्यंत काळ्या चिखलात,
आणि शिडी डावीकडे जराशी... जराशीच...
मग एकदम गप्प झाली.

खाली ऑरविल स्ट्राउड उभे.
लॅटिन शिकवायचे, वय चौऱ्याऐंशी.
संध्याकाळी कासवाला बाबागाडीत घालून फिरवतात,
आणि गावात याचं कुणालाच काही वाटत नाही.
दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली,
पानांचा लगदा त्यांच्या टोपीवर पडत होता.
अर्धा तास ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत,
कासवाशी बोलले. बहुधा लॅटिनमध्ये.

उतरले तेव्हा कॉफी विचारली, नको म्हणाले.
फाटकाशी वळून एवढंच :
"पुढच्या आठवड्यात ही झोपेल. मार्चपर्यंत."

रात्री आत्याला सांगितलं, आज चार हात झाले होते.
ती किती वेळ गप्प.
मग म्हणाली, "शिडी भक्कम आहे ना?"

डिसेंबरात त्यांचा फोन आला.
स्वयंपाकघरातला दिवा गेलाय, शिडी धरशील का.
मी गेले. बर्फातून, फावड्याने वाट काढत.
रिकामी बाबागाडी दारामागे, तिच्यात वर्तमानपत्रं.
ते चढले, मी धरली.
घोट्याशी त्यांच्या मोज्याला भोक होतं.
बल्ब गेलेला नव्हता.
आम्ही तो बदलला.